हुकूम, शिस्त आणि सदसद्विवेक: सीमाभागातील जवान आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी असो की पलीकडचं चंदगड-गडहिंग्लज, भावकीत एक तरी फौजी सापडतोच. त्यामुळे हे प्रश्न इथं पुस्तकातले नाहीत, घरातले आहेत. खालची उत्तरं मुख्यतः सेना अधिनियम १९५० वर आधारलेली आहेत. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत, पण आज्ञापालनाचा गाभा सगळीकडे जवळपास तोच.

कसम परेडला जवान नेमकं काय कबूल करतो?

कलम १७ मध्ये शपथेचा मजकूर कसा असावा ते सांगितलंय. भारताच्या संविधानाशी खरी निष्ठा ठेवीन; जमीन, समुद्र किंवा हवाई मार्गानं जिथं पाठवतील तिथं जाईन; माझ्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याचे सगळे हुकूम जिवावर बेतलं तरी पाळीन. या ओळींचा क्रम लक्षात ठेवा. संविधान आधी येतं, अधिकारी नंतर. अधिकाऱ्याचा हुकूम संविधानानं दिलेल्या अधिकारातूनच निघतो, त्याच्या स्वतःच्या मर्जीतून नाही. पुढची बहुतेक उत्तरं या एका मुद्द्यावर उभी आहेत.

‘हुकूम म्हणजे हुकूम’ हे कायद्यालाही मान्य आहे का?

नाही. कलम ४१ मध्ये ‘कायदेशीर हुकूम’ असे शब्द आहेत, नुसता ‘हुकूम’ नाही. हुकूम कायदेशीर ठरायला चार गोष्टी लागतात. देणारा खरोखर वरिष्ठ असला पाहिजे आणि तो वरिष्ठ आहे हे जवानाला माहीत असलं पाहिजे. हुकूम लष्करी कामाशी, शिस्तीशी किंवा तुकडीच्या हिताशी जोडलेला असला पाहिजे. तो ठरावीक आणि त्या माणसाला करता येण्यासारखा असला पाहिजे. आणि त्यात कायद्यानं गुन्हा ठरणारं काही नसलं पाहिजे.

शंका असेल तर हुकूम कायदेशीर आहे असंच धरून चालायचं असतं. हे कडक वाटतं, पण त्याशिवाय पलटण चालणार नाही. रात्री दोन वाजता पिकेटवर (पहाऱ्याच्या चौकीवर) प्रत्येक हुकमाची चर्चा करत बसलं तर माणसं मरतात.

धोक्याचा, चुकीचा किंवा अन्यायाचा वाटणारा हुकूम नाकारता येतो का?

नाही. बहुतेक गोंधळ इथंच होतो. ‘हा हुकूम मूर्खपणाचा आहे’ आणि ‘हा हुकूम गुन्हा करायला सांगतोय’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढची टेकडी चढताना निम्मी सेक्शन (छोटी तुकडी) पडेल असं दिसत असलं तरी चढायचं. रजा नाकारली, सणाच्या दिवशी ड्युटी लावली, तुमच्याच वाट्याला सारखा रगडा आला, तरी आधी पाळायचं आणि मग तक्रार करायची. नकाराचा हक्क उरतो तो फार अरुंद जागेत: निःशस्त्र माणसाला मारणं, शरण आलेल्याला गोळी घालणं, छळ, बलात्कार, लूट, खोटा पुरावा ठेवणं. अशा हुकमाचा बेकायदेशीरपणा शोधायला वकील लागत नाही, तो डोळ्यांना दिसतो.

आणि ही जागा अरुंद आहे तेच बरं. जवानानं आपली नैतिक ताकद अशाच प्रसंगासाठी राखून ठेवावी. किरकोळ बाबींत रोज हुज्जत घालणाऱ्याचा शब्द खऱ्या वेळी कुणी मानत नाही.

हुकूम मोडला तर शिक्षा किती?

वरिष्ठानं समोरासमोर दिलेला कायदेशीर हुकूम उघड अवज्ञा करून मोडला तर १४ वर्षांपर्यंत कैद. तशी उघड अवज्ञा नसेल, पण हुकूम मोडला असेल, तर सक्रिय सेवेवर १४ वर्षांपर्यंत आणि एरवी ५ वर्षांपर्यंत. ‘सक्रिय सेवा’ म्हणजे फक्त लढाईची आघाडी असं समजू नका. कलम ९ खाली केंद्र सरकार अधिसूचनेनं ती लागू करू शकतं, मग आजूबाजूला शांतता असली तरी नियम युद्धाचा लागतो. किरकोळ प्रकरणात कमांडिंग ऑफिसर कलम ८० खाली २८ दिवसांपर्यंत कोठडी किंवा लाइन-बंदी (बराकीच्या हद्दीबाहेर जायला मनाई) देऊ शकतो.

‘मला वरून हुकूम होता’ हा बचाव चालतो का?

अर्धाच चालतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १४ (जुन्या दंडसंहितेचं ७६) सांगतं की कायद्यानं बांधलेल्या माणसानं केलेली कृती गुन्हा नाही, आणि त्याखालचं उदाहरणच सैनिकाचं आहे: वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेनुसार, जमावावर गोळी चालवणारा शिपाई. ‘कायद्याच्या आज्ञेनुसार’ हे शब्द काढून टाकले की बचाव कोसळतो.

काश्मीरच्या माछिलमध्ये एप्रिल २०१० मध्ये तीन सामान्य गावकऱ्यांना नियंत्रण रेषेजवळ नेऊन मारलं आणि घुसखोर म्हणून दाखवलं. २०१४ मध्ये लष्करी न्यायालयानं अधिकाऱ्यांसह जवानांनाही जन्मठेप दिली. २०१७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणानं ती शिक्षा स्थगित करून जामीन दिला, तरी एक गोष्ट ठळक राहते: आरोपीच्या रांगेत कर्नल आणि शिपाई शेजारी उभे होते.

युद्धातले जखमी, कैदी आणि नागरिक यांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारांसाठी आपल्याकडे १९६० चा कायदा आहे. करारांनी संरक्षण दिलेल्या माणसाची हेतुपुरस्सर हत्या केली तर त्यात मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा भारत सदस्य नाही, म्हणून काही जण निर्धास्त असतात. त्यांनी हा कायदा वाचावा.

हुकूम देणारा एक आणि घोडा ओढणारे पन्नास. जबाबदारी त्या पन्नास जणांवर कशी?

जालियनवाला बागेचा हिशोब बघा. १३ एप्रिल १९१९ ला पन्नास रायफलधाऱ्यांनी सुमारे दहा मिनिटांत १,६५० राउंड झाडले. म्हणजे माणशी सरासरी ३३. त्यांच्या हातात ली-एनफिल्ड होती. तिच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसतात, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानं वर उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. म्हणजे प्रत्येक शिपायानं ही हालचाल तीसेक वेळा केली, मधे तीनदा तरी क्लिपनं गोळ्या भरल्या आणि प्रत्येक वेळी समोर नेम धरला. ‘फायर’ हा हुकूम डायरचा होता. त्यानंतरची प्रत्येक हालचाल ज्याच्या त्याच्या हाताची होती. त्या शिपायांवर कधी खटला झाला नाही. आजच्या कायद्यानं झाला असता तर हुकमाच्या आडोशाला त्यांना फारशी जागा मिळाली नसती, असं आमचं ठाम मत आहे.

हुकूम संशयास्पद वाटला तर त्या क्षणी काय करायचं?

सगळ्यात आधी हुकूम मोठ्यानं दोहरवा. फौजेत हे रोजचंच आहे, त्यामुळे त्यात उद्धटपणा दिसत नाही: ‘साब, सामनेवाले घर पर फायर करना है?’ यानं दोन गोष्टी होतात. ऐकण्यात चूक असेल तर तिथंच सुटते, आणि आजूबाजूच्या चार जणांच्या कानावर हुकमाचे नेमके शब्द पडतात.

मग तुम्हाला दिसतंय ते सांगा. मत नको, फक्त वस्तुस्थिती: ‘साब, खिडकी में औरत और दो बच्चे हैं, हथियार नहीं दिख रहा.’ अधिकारी रेडिओवर मागे असतो, त्याला तुमच्याइतकं दिसत नाही. भयंकर वाटणारे बरेच हुकूम या एका वाक्यानं बदलतात, कारण हुकूम दुष्टपणानं नाही, अपुऱ्या माहितीवर दिलेला असतो. ही पायरी गाळून जे थेट नकारावर उडी मारतात ते पुढं चौकशीत अडकतात, कारण ‘तू अधिकाऱ्याला सांगितलं होतंस का?’ याला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

तरीही हुकूम कायम राहिला आणि तो उघड गुन्हाच असेल, तर नकार थोडक्या शब्दांत द्या: ‘साब, यह गैरकानूनी है, मैं नहीं करूँगा. बाकी जो हुकम देंगे, करूँगा.’ दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. तुम्ही अधिकाराला नाही, एका कृत्याला नकार देताय हे त्यातून कळतं, आणि उघड अवज्ञेचा आरोप तिथंच ढिला पडतो.

त्यानंतर हाताचं काय करता यावर सगळं ठरतं. सेफ्टी लावा, नळी जमिनीकडे ठेवा. वरिष्ठाच्या दिशेनं चुकूनही वळवू नका. वरिष्ठाला धमकावणं हा कलम ४० खालचा वेगळा आणि जड गुन्हा आहे. रायफल खाली फेकू नका. शत्रूसमोर शस्त्र टाकण्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. जागा सोडू नका. शिवीगाळ नको, आरडाओरडा नको.

पहिल्या संधीला पुढच्या वरिष्ठाकडे जा. अधिकारी स्वतःच दोषी असेल तर त्याच्या वरचा. वेळ, ठिकाण, हुकमाचे नेमके शब्द, ऐकणाऱ्यांची नावं आणि तुम्ही काय म्हणालात हे त्याच दिवशी कागदावर उतरवा. मोबाइलमध्ये काहीही ठेवू नका. त्यातून गोपनीयतेचा वेगळा खटला उभा राहतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

सगळ्यांनी मिळून नकार दिला तर ताकद वाढेल ना?

उलट होतं. दोघातिघांनी ठरवून नकार दिला की ते प्रकरण अवज्ञेचं राहत नाही, कलम ३७ खाली बंडाचं होतं आणि मृत्युदंडापर्यंत जाऊ शकतं. बंड शिजतंय हे माहीत असून न सांगणाराही त्यात येतो. एकत्र सह्यांचा अर्ज देणंसुद्धा फौजेत चालत नाही. पाच जणांना एकच गाऱ्हाणं असेल तर पाच स्वतंत्र अर्ज, पाच स्वतंत्र शब्दांत. कॉपी केलेला मजकूर पाहिला की संगनमताचा संशय येतोच.

२३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी निःशस्त्र पठाण सत्याग्रहींवर गोळी चालवायला नकार दिला. लष्करी न्यायालयानं चंद्रसिंहांना जन्मठेप दिली. ते १९४१ मध्ये सुटले. आज त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं आणि ते घ्यायलाच हवं. पण मुलांना ही गोष्ट सांगताना तुरुंगातली अकरा वर्षं गाळू नका. तो नकार परक्या सत्तेच्या कायद्याविरुद्ध होता. आज उघड गुन्ह्याला नकार देणाऱ्याच्या पाठीशी निदान कायद्याचे शब्द तरी आहेत.

दंगलीत फौज बोलावली तर गोळीबाराचा निर्णय कुणाचा?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी जमाव पांगवायला सांगतो, पण कसा पांगवायचा ते लष्करी अधिकारी ठरवतो. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर कलम १५० खाली अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो, आणि संपर्क होताच त्याला कळवावं लागतं. दोन्ही ठिकाणी कमीत कमी बळ, कमीत कमी इजा. जमाव पळू लागला की गोळीबाराचं कारण संपलं. पाठमोऱ्या माणसावरची गोळी न्यायालयात समजावता येत नाही.

पकडलेल्या माणसाचं काय?

शत्रूचा सैनिक असेल तर तो युद्धकैदी. त्यानं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढंच सांगायचं असतं. त्यापुढचं काढून घ्यायला मारहाण हा गुन्हा. अशांत क्षेत्रात (फौजेला विशेष अधिकार दिलेल्या भागात) पकडलेला नागरिक असेल तर त्याला लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचं, म्हणजे २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभा करता येईल. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये हे बजावलंय. त्याच निकालात लष्कराची ‘काय करावं, काय करू नये’ ही यादी बंधनकारक धरली आहे. ‘आज रात्र कॅम्पातच राहू दे’ असा हुकूम आला तर इथंही वेळ, नाव आणि कुणाच्या ताब्यात दिलं ते लिहून ठेवा. कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणांत मधल्या तासांची नोंद नसणं हेच सगळ्यांना महागात पडतं, निर्दोष पहारेकऱ्यालासुद्धा.

मुलगा मराठी-कन्नडवर वाढलाय, हुकूम हिंदीत येतात. समजलाच नाही तर?

सुरुवातीच्या महिन्यांत हे खरोखर होतं, खास करून खानापूरच्या आतल्या गावांतून गेलेल्या पोरांचं. ‘समझ में नहीं आया, साब’ असं तिथंच म्हणायचं. ‘जी साब’ म्हणून भलतंच केलं तर ते अवज्ञेसारखं दिसतं. चौकशीत किंवा लष्करी न्यायालयात भाषा कळत नसेल तर दुभाषी मागा आणि मागितल्याची नोंद करून घ्या. न वाचता सही नको, मग कागद इंग्रजी असो की हिंदी.

धर्माचं कारण सांगून हुकूम नाकारता येतो का?

नाही. २०२५ मध्ये रेजिमेंटच्या पूजास्थानाच्या गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. संविधानाच्या अनुच्छेद ३३ मुळे सैनिकाचे मूलभूत हक्क कायद्यानं आखडता येतात.

साहेबांच्या घरची भांडी, पोरांना शाळेत सोडणं: हाही हुकूमच का?

निव्वळ खासगी काम लष्करी कामात बसत नाही, त्यामुळे तो कायदेशीर हुकूम नाही. पण त्यात कुणाचा जीव जात नाही, म्हणून तिथल्या तिथं तोंडावर नकार देण्यापेक्षा कलम २६ ची वाट धरा: कंपनी कमांडरकडे लेखी तक्रार, तोच दोषी असेल तर त्याच्या वरच्याकडे. तक्रार आली की पूर्ण चौकशी करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर कलम ४७: कनिष्ठाला वाईट वागवणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद. तक्रारीत एकही खोटं वाक्य घालू नका. खोट्या आरोपाला कलम ५६ आहे.

व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकला तर लवकर न्याय मिळेल का?

लवकर प्रसिद्धी मिळेल आणि नोकरी जाईल. परवानगीशिवाय माध्यमांकडे जाणं नियमानं बंद आहे. भावानं किंवा बायकोनं टाकला तरी ‘फोन कुणी दिला’ हा प्रश्न जवानालाच विचारतात.

वरिष्ठांनी हुकूम नाकारल्याची उदाहरणं आहेत का?

एक तर आपल्या शेजारचंच. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीसाठी बेळगावात फौज जमत होती, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना कळवलं की शरणागती नको. सैनिक एक तर विजयी व्हावेत किंवा मरावेत. १९ डिसेंबरला वासालो ई सिल्वांनी शरणागती पत्करली. जिंकण्याची शक्यता नव्हती आणि लढत राहिले असते तर पणजीत, मुरगावात लोक मेले असते. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतर सन्मान परत मिळाला.

दुसरं उदाहरण इस्रायलमधल्या कफ्र कासिमचं. २९ ऑक्टोबर १९५६ ला संचारबंदीची खबर सुरू होण्याच्या जेमतेम अर्धा तास आधी गावात पोचली. शेतातून परतणाऱ्यांना ती माहीतच नव्हती. सीमा पोलिसांनी सुमारे पन्नास माणसं, बायका, मुलं मारली. आसपासच्या गावांतल्या तुकड्यांनाही तोच हुकूम होता, पण तिथल्या प्लाटून कमांडरांनी लोकांना घरी जाऊ दिलं. न्यायालयानं निकालात म्हटलं की उघड बेकायदेशीर हुकमावर जणू काळा झेंडा फडकत असतो. हुकूम एकच असताना एका गावात कत्तल झाली आणि शेजारच्या गावात माणसं जेवायला घरी पोचली. प्रशिक्षणात शिकवायला याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

चांगल्या घरची मुलंसुद्धा असे हुकूम का पाळतात?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१-६२ मध्ये साध्या नागरिकांना दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण त्यांना ते खरे वाटत होते. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. दुसऱ्या एका फेरीत मुद्दाम शेजारी बसवलेल्या दोघांनी मधेच नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ शेवटपर्यंत गेले. म्हणजे पहिला नकार शांतपणे, ऐकू येईल असा दिला तर बाकीच्यांना वाट दिसते. ठरवून केलेलं संगनमत आणि एकानं स्वतःपुरतं सरळ बोलणं यांतला फरक इथं कामी येतो.

चार्ज लागलाय. घरच्यांनी पहिल्या आठवड्यात काय करायचं?

आरोपपत्राची तारीख विचारा. खटल्याआधी आरोप कळवून जवानाला किमान ९६ तास द्यावे लागतात, सक्रिय सेवेवर २४ तास. पुराव्याचा सारांश (खटल्याआधी लिहून घेतलेल्या साक्षी) नोंदवताना साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क असतो; ‘लवकर मिटवू’ म्हणून तो सोडू नका, पुढं सगळं याच कागदांवर चालतं.

समरी कोर्ट मार्शलमध्ये (झटपट लष्करी खटल्यात) कमांडिंग ऑफिसर एकटा न्यायाधीश असतो आणि एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. वकील हक्कानं मिळत नाही, पण ‘आरोपीचा मित्र’ म्हणून सोबत कुणी तरी मागता येतं. ‘गिल्टी म्हण, सौम्य शिक्षा होईल’ असा सल्ला इथं सर्रास मिळतो. गुन्हा कबूल करण्याआधी बडतर्फी होऊ शकते का ते विचारा, कारण बडतर्फीत पेन्शन हातची जाते. अग्निवीर असेल तर चार वर्षांची नोकरीच पणाला लागते.

अपील कुठं करायचं: कोची, मुंबई की धारवाडचं उच्च न्यायालय?

आधी खात्यातली तक्रार पूर्ण करा. सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाची वाट मोकळी होते. अंतिम हुकमापासून सेवाविषयक अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते.

नोकरीत असलेल्यानं जिथं पोस्टिंग आहे किंवा जिथं प्रकरण घडलं तिथल्या खंडपीठात जायचं. निवृत्त किंवा बडतर्फ झालेल्याला राहत्या ठिकाणचं खंडपीठ निवडता येतं, आणि इथं सीमाभागाचा घोळ सुरू होतो. कर्नाटक कोची खंडपीठाकडे, महाराष्ट्र मुंबईकडे. खानापूरच्या माणसानं कोचीला आणि हद्दीपलीकडच्या चंदगडच्या माणसानं मुंबईला जायचं. आधार, मतदार कार्ड आणि डिस्चार्ज बुकवरचा पत्ता एकाच राज्यातला आहे ना ते आधी तपासा. लग्नानंतर किंवा घर बांधून हद्दीपलीकडे गेलेल्यांचे अर्ज अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच महिनोन् महिने अडकतात. कागदपत्रं जुळवायला बेळगाव किंवा कोल्हापूरचं सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.

बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा निमलष्करी दलांच्या जवानांना मात्र हे न्यायाधिकरण लागू नाही. त्यांचे कायदे वेगळे आहेत. त्यांनी खात्यातलं अपील संपवून उच्च न्यायालयात रिट करायची, आणि बेळगाव जिल्ह्यासाठी ते खंडपीठ धारवाडला आहे.